दुर्मिळ सिंड्रोमसाठी चॅरिटी वॉक : पैसा कुठून येतो आणि घोडं कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका दुर्मिळ सिंड्रोमच्या पालकगटात चाळीसेक कुटुंबं आहेत आणि ती वेगवेगळ्या शहरांत विखुरलेली आहेत. सहा महिन्यांनी पहिला चॅरिटी वॉक, म्हणजे निधी जमवण्यासाठी एकत्र चालायचा कार्यक्रम, करायचा आहे. निधी किती जमेल, सुरुवात कुठून करायची, आणि मुलांचे हाल न होता तो दिवस कसा पार पाडायचा?

आधी पैशांचं बघू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच असतो. वॉकच्या दिवशी मैदानावर फारसा निधी जमत नाही. तो आधीच्या सहा-सात आठवड्यांत, कुटुंबांनी आपापल्या ओळखीच्यांना एकेक करून पाठवलेल्या निरोपांतून येतो. मैदानावर आलेले बहुतेक जण आधीच देऊन मोकळे झालेले असतात. त्यामुळे ज्या गटात सगळी ताकद मंडप, बॅनर आणि पाहुणे यांवर जाते आणि मागण्याचं काम 'लिंक टाकली आहे ग्रुपवर' एवढ्यावर भागवलं जातं, त्यांचा कार्यक्रम छान होतो आणि खर्च निघतानाही मारामार होते.

अंदाज बांधताना उलटीकडून यायचं. चाळीसपैकी खरोखर मागणारी कुटुंबं किती, हे प्रत्येकाला फोन करून विचारा. हात वर करणारे तीस असतील, पण मागणारे पंधरा-सोळा धरा. सोळा कुटुंबांनी प्रत्येकी चाळीस जणांना वैयक्तिक निरोप पाठवला तर ६४० निरोप होतात. पहिल्या वर्षी त्यातल्या चौथ्या भागाने पैसे दिले असं धरलं तर १६० देणगीदार. याला तुमच्या ओळखीतली माणसं सहज देतील अशा रकमेने गुणा. तो आकडा जाहीर उद्दिष्ट म्हणून चालतो. आणखी एक, हा पैसा सगळ्या कुटुंबांकडून सारखा येत नाही. दोन-तीन कुटुंबं मोठा वाटा आणतात. ती कोण आहेत हे लवकर ओळखा आणि मंडपाची, परवानग्यांची कामं त्यांच्या गळ्यात घालू नका.

'प्रत्येक किलोमीटरमागे इतके' ही जुनी पद्धत आहे. 'मार्च ऑफ डाइम्स' या बाळांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने १९७० मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनिओ आणि कोलंबस इथे 'वॉकअमेरिका' सुरू केला, त्या काळी वॉकमध्ये अंतरागणिक देणगीची वचनं घेतली जायची. यातली अडचण म्हणजे वचन आज आणि वसुली नंतर. वॉक संपल्यावर लोकांना आठवण करून देणं जिवावर येतं आणि वचनं गळत जातात. शिवाय जे मूल मुळात चालत नाही, त्याच्या आईबापांनी अंतराचा हिशेब का सांगावा? ठरावीक रक्कम आधीच घ्या.

निधी कशासाठी, हे नोंदणी उघडण्याआधी एका वाक्यात लिहून झालं पाहिजे. 'संशोधनासाठी आणि कुटुंबांच्या मदतीसाठी' हे वाक्य कुणालाही बांधत नाही, म्हणून ते कुणाला पटतही नाही. प्रयोगशाळेतल्या संशोधनाला लागणारा पैसा छोट्या वॉकमधून येत नाही. पण रुग्णनोंदवही (या आजाराच्या रुग्णांची एकत्र नोंद) चालवणं, डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालणारी संवादयंत्रं उसनी देणारी लायब्ररी, तज्ज्ञांकडे जायचा प्रवासखर्च किंवा वर्षातून एकदा कुटुंबांचा मेळावा हे जमू शकतं. नोंदवहीला कोरडं काम समजू नका. अमेरिकेत दोन लाखांहून कमी रुग्ण किंवा युरोपात दहा हजारांत पाचहून जास्त नाहीत, तो आजार दुर्मिळ. इतक्या थोड्या रुग्णांत औषधाची चाचणी करताना 'उपचार नसताना हा आजार कसा पुढे सरकतो' याची नोंद तयार असेल तर संशोधकांचं बरंच काम हलकं होतं. ही नोंद कुटुंबंच देऊ शकतात.

मदत कुटुंबांना द्यायची असेल तर नियम आधी आणि निधी नंतर. निर्णय तिघांनी घ्यावा, त्यातला किमान एक जण गटाबाहेरचा असावा. ज्याच्या घरचा अर्ज असेल त्याने त्या दिवशी बैठकीतून उठून जावं. एका कुटुंबाला वर्षात जास्तीत जास्त किती, ही मर्यादा ठरवा. रोख हातात देण्याऐवजी बिल थेट विक्रेत्याला किंवा दवाखान्याला भरा. आणि कुणी किती निधी जमवला याचा मदतीशी काडीचा संबंध ठेवू नका. 'ज्याने जमवलं त्याच्या खात्यात तेवढं' असं केलं की ती सार्वजनिक देणगी राहत नाही, खासगी वर्गणी होते. अनेक देशांच्या धर्मादाय कायद्यांना ते चालत नाही. ज्या कुटुंबाच्या ओळखी कमी असतात त्यालाच बहुधा मदतीची गरज जास्त असते, हेही आहेच.

पैसे कुणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नयेत, एका दिवसासाठीसुद्धा. संस्था नोंदलेली नसेल तर नोंदलेल्या एखाद्या संस्थेच्या छत्राखाली लेखी करार करून काम करा. त्यात ती संस्था किती टक्के ठेवणार, पैसे किती दिवसांत वर्ग करणार आणि पावती कोण देणार, हे लिहून घ्या.

आता वेळापत्रक. २४ आठवडे आधी तारीख आणि जागा. २० आठवडे आधी परवानग्या आणि विमा, कारण यांना लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. १६ ते १० आठवडे या काळात प्रायोजक. दहा आठवडे आधी फक्त टीम कॅप्टनांची (म्हणजे आपल्या ओळखीच्यांची टीम करून निधी मागणाऱ्या पालकांची) नोंदणी, सात आठवडे आधी सगळ्यांसाठी. शेवटचे दोन आठवडे मागण्यासाठी राखून ठेवा. त्या काळात नवीन कल्पना आल्या तर वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी वापरा.

तारखेबाबत एक मोह असतो. दुर्मिळ आजार दिन फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी असतो. पहिला २९ फेब्रुवारी २००८ ला झाला, दुर्मिळ तारीख म्हणूनच निवडलेला. अँजलमन या दुर्मिळ सिंड्रोमचा दिन १५ फेब्रुवारीला असतो, ऑक्टोबर हा रेट या दुसऱ्या दुर्मिळ सिंड्रोमचा जागृती-महिना. अशा दिवशी बातमी सहज मिळते, पण त्याच आठवड्यात बाकीचे गटही त्याच देणगीदारांकडे जात असतात. मला विचाराल तर हवामान आधी, दिनविशेष नंतर. उन्हाने ज्यांना फिट येते अशी मुलं गटात असतील तर हा प्रश्न उरतच नाही.

प्रायोजकांकडून एकच गोष्ट मागा : कार्यक्रमाचा खर्च उचला. म्हणजे 'तुमच्या देणगीतला पैसा पूर्णपणे ठरलेल्या कामाला जाईल' असं देणगीदारांना खरेपणाने सांगता येतं. रोख मिळाली नाही तर वस्तू घ्या, पाणी, छपाई, खुर्च्या. लोगो पाठवायची शेवटची तारीख छपाईच्या दहा दिवस आधीची ठेवा, कारण लोगो हमखास उशिरा आणि चुकीच्या आकारात येतो. टी-शर्टवर साल छापू नका. उरलेले पुढच्या वर्षी चालतात. मुलांचे आकार कमी पडतात आणि मोठे उरतात, तेव्हा नोंदणीतच आकार विचारून त्यावर दहा टक्के जास्त मागवा. मानेशी शिवलेलं लेबल टोचतं म्हणून शर्ट अंगावर ठेवू न देणारी मुलं या गटांत बरीच असतात. लेबलऐवजी छपाई असलेला शर्ट मिळतो.

मागण्याच्या निरोपाकडे जरा बारकाईने बघू. एक नमुना :

'आमची मुलगी सहा वर्षांची आहे. तिला रेट सिंड्रोम आहे. तिला समजतं बरंच, पण हात आणि शब्द साथ देत नाहीत. ती डोळ्यांनी बोलते. अशा मुलांना डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालणारी यंत्रं उसनी देता यावीत म्हणून आमचा गट १२ तारखेला एक किलोमीटर चालणार आहे. आमच्या टीमला अमुक इतकी रक्कम द्याल का? लिंक खाली आहे, ५ तारखेपर्यंत दिलीत तर यंत्राची ऑर्डर लगेच नोंदवता येईल.'

यात मूल एका वाक्यात आहे, आजार रोजच्या भाषेत आहे, पैशाचं काम ठरलेलं आहे, आकडा आहे आणि तारीख आहे. आकडा लिहायला पालक फार लाजतात. 'यथाशक्ती द्या' म्हटलं की समोरच्याला अंदाज येत नाही, तो 'नंतर बघू' म्हणतो आणि तो नंतर येत नाही. रक्कम माणूस बघून बदला. निरोप ग्रुपवर टाकू नका, तिथे प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल. नावानिशी पाठवा.

क्रमही महत्त्वाचा आहे. कॅप्टनने आधी स्वतः द्यावं, मग सगळ्यात जवळच्या दहा जणांना मागावं. देणगीच्या पानावर शून्य दिसलं की पहिला पाहुणा परत फिरतो, आणि सुरुवातीचे आकडे पाहूनच पुढचे आपला आकडा ठरवतात. एका आठवड्याने आठवण, शेवटचे तीन दिवस उरले की दुसरी, आणि तिथे थांबा. दिलेल्याला ४८ तासांत आभार, तेही पालकांकडून, आपोआप जाणाऱ्या ईमेलवर विसंबू नका. एखादा मोठा देणगीदार 'जितके जमतील तितके मी घालतो' म्हणाला असेल तर ते तीन दिवसांच्या ठरावीक मुदतीसाठीच जाहीर करा. अशी घोषणा खोटी मात्र कधीही करू नये. कितीही जमले तरी तो तेवढीच रक्कम देणार असेल, तर लोकांना फसवल्यासारखं होतं.

लोक प्रश्न विचारतात : आनुवंशिक आहे का, औषध आहे का? त्यासाठी एका पानाचं माहितीपत्रक करा आणि या आजाराचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांकडून दर वर्षी तपासून घ्या. पत्रकार त्यातूनच उचलतात. रेट सिंड्रोमचंच बघा. एमईसीपी२ या जनुकाशी त्याचा संबंध १९९९ मध्ये समजला. बहुतेक मुलींत हा बदल नव्याने झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. हे एक वाक्य कितीतरी आयांच्या डोक्यावरचा नातेवाइकांचा आरोप उतरवतं. आणि 'यावर कोणतंही मान्य औषध नाही' हे जुन्या पत्रकातलं वाक्य २०२३ मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मान्यता मिळाल्यापासून चुकीचं ठरलं आहे. ते मूळ कारण दूर करत नाही, हेही तिथेच लिहायला हवं.

मार्ग ठरवताना धावण्याच्या स्पर्धेचा नकाशा समोर ठेवू नका. चारशे ते पाचशे मीटरचा गोल घ्या. ज्याला जमेल त्याने चार फेऱ्या माराव्यात, ज्याला नाही त्याने अर्धी. कुठूनही दोनशे-अडीचशे मीटरवर सुरुवातीची जागा, औषधं आणि गाडी. लांब सरळ मार्गावर मधेच मूल थकलं किंवा फिट आली की त्या कुटुंबाला परत आणायचं कसं, याला उत्तर नसतं. चढ वीस मीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको, छोटा रॅम्प असेल तर बाराला एक. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर जायला १.८ मीटर रुंदी लागते. आणि हे सगळं कागदावर बघू नका. व्हीलचेअरमध्ये मोठा माणूस बसवा आणि ढकलत पूर्ण फेरी मारा. गवत, बारीक खडी, गटाराच्या जाळीत अडकणारं पुढचं छोटं चाक, फाटकातला दोन इंचांचा उंबरा हे असंच कळतं. दुहेरी स्ट्रोलर आणि पसरट पाठीच्या मोठ्या व्हीलचेअर नेहमीपेक्षा रुंद असतात, त्यांची मापं आधी मागवून घ्या.

याच्यापुढे प्रत्येक सिंड्रोमची मागणी वेगळी. प्राडर-विली सिंड्रोममध्ये भूक भागत नाही, म्हणून उघडं खाणं कुठेच नको. 'सगळ्यांना बिस्किटं' देणारा प्रायोजक इथे नम्रपणे नाकारावा लागतो, आणि स्वयंसेवकांच्या पिशव्यांतले डबेसुद्धा कुलपात जातात. अँजलमनच्या मुलांना पाण्याची जबर ओढ असते. तळं, कारंजं, उघडी टाकी मार्गावर असेल तर मार्ग बदला, तिथे माणूस उभा करून भागत नाही. विल्यम्स सिंड्रोमची मुलं कुणाही अनोळखी माणसाचा हात धरून निघतात, तेव्हा स्वयंसेवकांचा रंग वेगळा ठेवा आणि बाहेर जायच्या वाटेवर ओळख पटवणारा माणूस ठेवा. विल्यम्सच्या मुलांत मोठ्या आवाजाचा त्रास सर्रास असतो आणि महाधमनी (हृदयातून निघणारी मोठी धमनी) अरुंद असल्याचंही आढळतं, म्हणून 'चला पळू या' अशी हाक मंचावरून देऊ नये. ड्रॅव्हे सिंड्रोममध्ये (लहानपणीच सुरू होणारा फिटचा तीव्र आजार) अंग तापलं की फिट येऊ शकते, त्यांना सावली, ओली फडकी आणि सकाळची वेळ लागते. तुमच्या सिंड्रोमची अशी यादी पालकच देतील. नोंदणीच्या अर्जात एकच प्रश्न ठेवा : 'तुमच्या मुलासाठी या कार्यक्रमात सगळ्यात धोक्याची गोष्ट कोणती?'

शिट्टी, फटाके, फुगे नकोत. फुगा फुटला की आवाजाला घाबरणारी मुलं तासभर सावरत नाहीत, आणि वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत लॅटेक्सची (फुग्यांच्या रबराची) ऍलर्जी जास्त आढळते. ध्वनिक्षेपक एका बाजूला, मंदावलेला. त्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात शांत तंबू, आत चटई आणि कमी उजेड. लहान बाळांचं डायपर बदलायचं टेबल बारा वर्षांच्या मुलाला पुरत नाही. पडदा लावलेल्या जागेत घडीची खाट, पुसायचा कागद, झाकणाचा डबा आणि हात धुवायची सोय ठेवा. नाहीतर आई मुलाला गाडीच्या मागच्या सीटवर घेऊन जाते आणि बहुतेकदा तिथूनच घरी निघते. नळीतून अन्न देणारे पंप आणि कफ ओढणारी यंत्रं यांसाठी विजेचं एक खात्रीचं कनेक्शन लागतं.

फिटबद्दल स्वयंसेवकांना आदल्या दिवशी दहा मिनिटं द्या : वेळ बघा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, धरून ठेवू नका, पालकांना बोलवा. पाच मिनिटांवर गेली की ॲम्ब्युलन्स. नेहमीचं तातडीचं औषध पालकांच्याच पिशवीत असतं, ती पिशवी पालकांपासून लांब जाऊ देऊ नका. ॲम्ब्युलन्सच्या फाटकासमोर कुणी गाडी लावणार नाही यासाठी एक माणूस फक्त त्याच कामाला.

सगळं अडीच तासांत आटपा. भाषणं दोन, प्रत्येकी तीन मिनिटं. निधीचा मोठा चेक दाखवायचा असेल तर मुलं निघायच्या आधी, शेवटी नाही.

एका बाबीकडे आयोजकांचं हमखास दुर्लक्ष होतं. ज्यांचं निदान नुकतंच झालं आहे असे पालक इथे पहिल्यांदाच मोठ्या वयाची मुलं पाहतात. तो धक्का मोठा असतो. त्यांना आधी फोन करून सांगा, साधारण त्याच वयाचं मूल असलेलं एक कुटुंब सोबतीला द्या, आणि गर्दीत माईक त्यांच्याकडे फिरवू नका. ज्यांचं मूल गेलं आहे त्यांना मात्र वगळू नका. ते टीम करणार का, मुलाचं नाव घ्यावं का, हे त्यांनाच विचारा. भावंडांना फलक धरायला, फेऱ्या मोजायला द्या, एरवी ती दिवसभर बाजूला उभी राहतात.

लांबची कुटुंबं त्याच दिवशी आपापल्या गल्लीत चालतील. त्यांचे शर्ट दोन आठवडे आधी पोचले पाहिजेत, आणि त्यांच्या टीमचा आकडा त्याच फलकावर लागला पाहिजे. विखुरलेल्या गटात हीच कुटुंबं जास्त असतात, त्यांना 'ऑनलाइनवाले' म्हणून तळाला टाकलं की पुढच्या वर्षी ती मागत नाहीत.

फोटोसाठी दोन रंगांच्या मनगटपट्ट्या ठेवा, एक 'चालेल', एक 'नको'. चालेल म्हणणाऱ्यांच्याही फोटोखाली पूर्ण नाव, शाळा आणि निदान एकत्र छापू नका. आजार जनुकीय असेल तर एका मुलाचं निदान जाहीर झालं की मावशी-आत्यांचीही चर्चा सुरू होते.

रोख रकमेसाठी अनुक्रमांकाची पावतीपुस्तकं आणि कुलपाची पेटी. मोजायला नात्यात नसलेली दोन माणसं, मोजणी जागेवरच, नोटांची फोड लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या, आणि रक्कम बँक उघडताच जमा. क्यूआर कोडचा फलक मांडला की दर तासाला स्वतः स्कॅन करून नाव तपासा. गर्दीत त्यावर दुसऱ्याच खात्याचा स्टिकर चिकटवणारे भामटे असतात. गर्दीने नेटवर्क बसतं, म्हणून छापील फॉर्मही हवेत.

नोंदणी शुल्क ठेवायचं तर आजार असलेलं मूल आणि त्याला सांभाळणारे दोघे मोफत. पहिल्या वर्षी प्रायोजकांनी न उचललेला खर्च जमलेल्या निधीच्या चौथ्या भागात बसवा. तिसऱ्या भागावर गेला तर मंडप आणि मंच कापा, खाट आणि ॲम्ब्युलन्स नाही.

देणगीचं पान वॉकनंतर दोन आठवडे उघडं ठेवा. फोटो पाहून देणारेही असतात, पण फोटो तीन दिवसांत गेले तरच. महिन्याभरात जमा, खर्च आणि शिल्लक असा एका पानाचा हिशेब प्रत्येक देणगीदाराला पाठवा. सहा महिन्यांनी आणखी एक छोटा निरोप, त्यात काहीही मागायचं नाही. किती यंत्रं घेतली, किती घरांत गेली, लायब्ररीत किती जण रांगेत आहेत, एवढंच लिहायचं.